पांढऱ्या शेवंतीच्या एका फांदीला पिवळी फुले

प्रश्न : आमच्या अंगणात कुंडीत पांढरी शेवंती आहे. चार वर्षांपूर्वी माहेरून काशी आणून लावली होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला मी तिचीच फुले काढते. यंदा त्याच झाडाच्या एका फांदीवर तिन्ही फुले पिवळी आली, बाकीचे झाड पांढरे. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या पिवळ्या शेवंतीचा वारा लागला. असे होते का? ही नवीन जात झाली म्हणायची का? कुंडीतल्या शेवंतीच्या नव्या जाती तयार कशा करतात, आणि मला ते घरी जमेल का?
(एक वाचक भगिनी, हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : ताई, आधी एक काम करा, मग पुढचे वाचा. त्या पिवळ्या फांदीला रंगीत दोरा बांधा. फुले सुकली की कोणती फांदी कोणती हे ओळखता येत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका फांदीत आहे.

दोरा बांधताना फांदी बोटांनी खालपर्यंत चाचपून पाहा. पांढऱ्या फुलांच्या खोडालाच ती मातीच्या वर फुटलेली असेल, तर मी पुढे सांगतो ते लागू होईल. ती मातीतून वेगळी निघाली असेल, तर कुंडी भरताना दुसऱ्या झाडाची काशी मातीबरोबर आलेली असण्याचा संभव जास्त. तुम्ही ‘त्याच झाडाच्या’ असे लिहिले आहे, म्हणून ती खोडालाच आहे असे धरतो.

काकूंचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही. माश्या आणि फुलपाखरे एका शेवंतीचा पराग दुसरीवर नेतातच. पण परागाचा गुण बियात उतरतो, ज्या फुलावर तो पडला त्याच्या पाकळीत उतरत नाही. गावरान आंब्याच्या मोहोरावर केशरचा पराग पडला तरी त्या झाडाचा आंबा गावरानच लागतो. फरक दिसलाच तर त्या आंब्याची कोय लावून वाढलेल्या झाडात दिसेल. तेव्हा तुमच्या फांदीचा पिवळा रंग शेजारून आलेला नाही. तो तुमच्याच झाडात होता.

पांढऱ्या शेवंतीत पिवळा रंग तयारच होत नाही, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिच्या पाकळीतही पिवळी द्रव्ये तयार होत असतात. गाजरात आणि झेंडूत असतात त्याच कुळातली, कॅरोटिनॉइड नावाची. पण फूल उमलत असताना पाकळीतले एक विकर ही द्रव्ये मोडून टाकते आणि आपल्याला पांढरे फूल दिसते. जपानमध्ये अकेमी ओमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले. त्या विकराचे जनुक पांढऱ्या शेवंतीत त्यांनी मुद्दाम दाबून पाहिले, तर फुले पिवळसर झाली. तुमच्या फांदीत बहुधा हेच आपोआप घडले आहे. कधीतरी एका कोवळ्या डोळ्यातल्या एका पेशीत त्या जनुकाचे काम थांबले आणि त्या पेशीच्या लेकी-नातींपासून ही फांदी वाढली. म्हणूनच पांढऱ्या शेवंतीतून पिवळी फांदी निघाल्याचे जगभर वारंवार दिसते, पिवळीतून पांढरी मात्र क्वचित. चालू विकर बंद पडायला एक चूक पुरते. नसलेले विकर नव्याने उभे राहणे फार अवघड. शास्त्रात याला कायिक उत्परिवर्तन म्हणतात, रोपवाटिकेतली माणसे नुसते ‘स्पोर्ट’ म्हणतात. जगातल्या शेवंतीच्या कितीतरी जाती अशा एखाद्या फांदीपासूनच आल्या आहेत.

मग ही नवी जात झाली का? अजून नाही. आज ती एक फांदी आहे. तिच्यापासून वेगळे रोप झाले, त्या रोपाला पिवळीच फुले आली, त्या रोपाच्या काडीपासून केलेल्या पुढच्या रोपालाही पिवळीच आली, म्हणजे जात होण्याच्या वाटेवर ती लागली.

इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे शेवंती वाढवायची म्हणजे फुले संपल्यावर झाड बुडाशी कापायचे आणि मातीतून येणाऱ्या काश्या काढून लावायच्या. तुम्ही यंदा तसेच केले, तर पिवळी फांदी गेली म्हणून समजा. काश्या झाडाच्या बुडातून येतात आणि बूड पांढऱ्याचेच आहे. बदल झाला तो वर, त्या एका फांदीत. वसमत भागात हळदीचे बेणे कसे निवडतात ते तुम्ही रोज पाहता. ज्या गड्ड्याचा गुण हवा त्याच गड्ड्याचे बेणे ठेवावे लागते. तसे इथे बेणे म्हणजे त्या फांदीचा फुटवा.

तेव्हा तिन्ही फुले पूजेला वापरा आणि ती उतरली की फांदीचा शेंडा कापा. खाली चार-सहा चांगली पाने राहू द्या. बाकीच्या पांढऱ्या फांद्या बुडाशी कापून टाका आणि बुडातून येणाऱ्या काश्या उपटून दुसऱ्या कुंडीत लावा, म्हणजे झाडाचा जोर दोरा बांधलेल्या फांदीकडे वळेल. त्या पानांच्या बेचक्यांतून धुमारे येतील. ते दोन-तीन इंचांचे झाले की खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचा आणि सावलीत ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत मुळ्या धरतात. एकाच काडीवर भरवसा ठेवू नका, निघतील तितक्या लावा. अशा फांदीत बदललेल्या आणि जुन्या पेशींचे थर एकमेकांवर असू शकतात, त्यामुळे एखादी काडी पुन्हा पांढऱ्यावर जाते आणि एखादी पक्की पिवळी निघते.

आणखी एक अडचण येईल. डिसेंबर-जानेवारीत रात्री मोठ्या असतात, आणि शेवंती मोठी रात्र मिळाली की वाढ सोडून कळीवर जाते. मग तुमचे धुमारे बोटभर वाढायच्या आतच कळ्या धरतील, आणि कळी धरलेल्या काडीचे रोप चांगले होत नाही. यावर उपाय सोपा आहे. कुंडीच्या वर दोन-तीन फुटांवर घरातला साधा एलईडी दिवा टांगा आणि रात्री दहा ते दोन तो चालू ठेवा. मधेच उजेड पडला की झाडाच्या लेखी एका मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात आणि ते पानेच काढत राहते. रात्री वीज गेली, तर एखाद्या रात्रीने फारसे बिघडत नाही. पडवीतल्या दिव्याखाली ठेवलेल्या शेवंतीला फूलच येत नाही, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते, तिचे कारणही हेच. रशियात चैलाख्यान या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले की रात्रीची लांबी मोजते ते पान. पानाकडून शेंड्याला निरोप जातो आणि मग शेंडा कळी धरतो.

हे झाले आपोआप मिळालेल्या फांदीचे. मुद्दाम नवी जात करायची तर पहिली वाट बियांची.

आपण ज्याला शेवंतीचे एक फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र मादी फूल. मधल्या पिवळ्या बटणातली नळीसारखी फुले नर-मादी दोन्ही. भरगच्च दुहेरी शेवंतीत मधले बटण जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिच्याकडून पराग मिळत नाही. ती आई म्हणून वापरायची आणि मोकळ्या बटणाची एकेरी शेवंती बाप म्हणून. शेवंती सहसा स्वतःचा पराग स्वीकारत नाही. एकाच जातीची दहा झाडे लावली तरी ती एकाच झाडाची काडी-काडी असतात, म्हणून आपसात बी धरत नाहीत. दुसरी जात लागतेच.

कृती अशी. आईचे फूल पुरते उमलायच्या आत त्यावर बटरपेपरची पिशवी बांधायची. उमलल्यावर कात्रीने पाकळ्या अर्ध्यावर छाटायच्या. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी दोन टोकांची बारीक जीभ दिसू लागते. सकाळचे ऊन पडून दव वाळले की बापाच्या फुलाचा पिवळा पराग मऊ कुंचल्याने त्या जिभांवर लावायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची. फुले कडेकडून मधे उमलत जातात, म्हणून एक दिवस आड करून हे दोन-तीनदा करावे लागते. दीड-दोन महिन्यांत फूल वाळून तपकिरी होते आणि आत जिऱ्याहूनही बारीक बी मिळते. डिसेंबरात परागण केलेत तर फेब्रुवारीअखेर बी हाती येईल. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नाजूक रोपे जगवणे जिकिरीचे, तेव्हा मी बी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत थंड जागी ठेवीन आणि पहिला पाऊस पडल्यावर आडोशाला पेरीन.

आता खरी गंमत. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, कुंड्यांतल्या शेवंतीत सहा. नऊ-नऊचे सहा संच, मिळून ५४. इतकी सरमिसळ असल्यावर एकाच फुलातल्या दोन बियांची रोपेसुद्धा एकमेकांसारखी होत नाहीत. पांढरी आणि पिवळी यांच्या लेकरांत गुलाबी, तांबूस, विटकरी काहीही निघू शकते. बारके, मोठे, लवकर फुलणारे, मुळीच न फुलणारे. म्हणजे शेवंतीत नवे मिळणे मुळीच अवघड नाही, प्रत्येक बी नवे आहे. अवघड आहे ते त्यातून ठेवण्याजोगे ओळखणे. बियांपासून आलेली बहुतेक रोपे टाकूनच द्यावी लागतात. ज्याला टाकवत नाही त्याच्या अंगणात पाच वर्षांनी कुंड्या भरपूर होतात आणि जात एकही होत नाही. हे कठोर वाटेल, पण या कामाचा गाभा तोच आहे.

त्यातही कुंडीची शेवंती निवडणे हे वेगळे काम. हारासाठी किंवा बाजारासाठी लावतात त्या राजा, झिप्री, रेवडी, सोनाली तारा अशा जातींत फुलांचे वजन, टिकाऊपणा आणि तोडा पाहतात. झाड आडवे पडले तरी शेतात चालते. कुंडीत झाडच पाहायचे असते. ते बुटके हवे. बुडापासून आपणहून फुटवे काढणारे हवे, कुंडीची कड झाकणारा गोल घेर धरणारे हवे आणि सगळ्या फांद्यांना एकदम फुले देणारे हवे. पहिले फूल वाळले तेव्हा शेवटची कळी उघडते असे झाड कुंडीत कधीच भरलेले दिसत नाही. नवखी माणसे रंगावर भाळतात. मी आधी झाड फुले नसताना बघतो, सप्टेंबरात. तेव्हा जे गोल आणि दाट दिसते तेच डिसेंबरात शोभते.

आपल्याकडे कुंडीतल्या मोठ्या शेवंतीला जून-जुलैपासून दोन-तीनदा शेंडा खुडावा लागतो आणि पुढे काठीचा आधार द्यावा लागतो. हे कष्ट टाळणाऱ्या जाती लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने काढल्या. शेंडा न खुडता, काठी न देता आपोआप झुडूप होणाऱ्या. भारतातल्या कुंडीच्या शेवंतीसाठी इतके मोठे काम दुसरे मला माहीत नाही. सिकंदर बागेतल्या या संस्थेत दर डिसेंबरात शेवंतीचे प्रदर्शन भरते. याच संस्थेने काही वर्षांपूर्वी ‘शेखर’ नावाची उशिरा फुलणारी जात दिली. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फुलणारी. ती ‘सु-नील’ या जातीला गॅमा किरण देऊन मिळवलेली आहे.

किरणांची ही दुसरी वाट. तुमच्या फांदीत निसर्गाने जे एकदा केले तेच इथे माणूस मुद्दाम आणि पुष्कळ झाडांवर करतो. मुळ्या धरलेल्या काड्या कोबाल्ट-६० च्या किरणांखाली ठेवतात. शेवंतीला साधारण १५ ते २५ ग्रे एवढी मात्रा देतात. त्याहून वाढवली तर काड्या मरू लागतात. मग त्या लावून, कोणत्या फांदीला निराळे फूल येते हे पाहत बसायचे. आपल्या शेतकऱ्यांना ही पद्धत परकी नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी-२४ भुईमूग अशाच किरणांच्या कामातून आलेला. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा अनमोल’ ही शेवंतीही ‘अजय’ या जातीला गॅमा किरण देऊन मिळाली आणि ती दिवसाच्या लांबीला फारसे जुमानत नाही. या वाटेचा मोठा फायदा असा की चांगल्या जातीचा बांधा तसाच राहतो आणि एखादाच गुण, बहुधा रंग, बदलतो. अडचण तुमच्या फांदीचीच, पेशींच्या थरांची. त्यावर लखनौच्या शास्त्रज्ञांनी बदललेल्या पाकळीचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून अखंड एका रंगाची रोपे उभी केली.

आणखी एक वाट आहे, आपल्यासाठी नुसती ऐकण्याची. शेवंतीत निळा रंग नव्हता. २०१७ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दोन परक्या फुलांची जनुके शेवंतीत घालून खरी निळी शेवंती केली. त्यांतले एक फूल म्हणजे तुमच्या कुंपणावर असेल ती निळी गोकर्ण.

आता तुमच्या हट्ट्याकडे येतो, कारण तुम्हाला जमेल का याचे उत्तर तिथल्या मातीत आणि दिवसात आहे. हट्ट्याला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरातला लहान अकरा तासांच्या जवळ. युरोपात उन्हाळ्याचा दिवस सोळा-सतरा तासांचा, म्हणून तिथल्या जातींना पाने वाढवायची आणि फुले काढायची अशी स्पष्ट सूचना मिळते. आपल्याकडे ती पुसट असते, आणि त्यात उन्हाळ्याची भर. चाळिशीपार उष्णतेत कळी धरलीच तर ती करपते किंवा वेडीवाकडी होते. म्हणून थंड प्रदेशात निवडलेली सुंदर जात हट्ट्यात एक हंगाम फुलते आणि मे महिन्यात मरते. जी जगली तिला ऑगस्टात काळी माती चिकटून मुळ्या कुजतात. कुंडीत नुसती शेतातली काळी माती भरू नका. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, आणि तळाशी खापऱ्या. थंडीत शेंड्यांवर काळा मावा येतो, तो बोटांनी चिरडून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

दिवाळीत बाजारातून आणलेली, वीतभर उंचीची, गच्च फुललेली कुंडी पुढच्या वर्षी दोन फूट का वाढते, असे अनेकदा विचारले जाते. ते रोप बुटक्या जातीचे नसते. वाढ रोखणारे औषध देऊन ते तात्पुरते बुटके केलेले असते. त्याची काडी लावून बुटकेपणा मिळत नाही. म्हणूनच मराठवाड्याच्या अंगणात एखादी शेवंती चार उन्हाळे, चार पावसाळे काढून दर वर्षी फुलत असेल, तर माझ्या लेखी ती परदेशी रोपापेक्षा मोलाची आहे. तुमची पांढरी शेवंती तशी आहे. तिने हट्ट्याची परीक्षा आधीच दिली आहे, आणि तिची पिवळी बहीण तोच बांधा घेऊन येणार. कुणी मला विचारले की मराठवाड्यासाठी कुंडीची जात कुठून सुरू करावी, तर मी अशाच घरच्या झाडाचे नाव घेईन.

पुढे रोप पक्के निघाले आणि त्याला नाव देऊन हक्क नोंदवावासा वाटला, तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली अर्ज करता येतो. त्यासाठी वाण इतरांहून वेगळे असावे लागते, त्याची सगळी रोपे एकसारखी असावी लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच राहावी लागतात. नुसता पिवळा रंग यासाठी बहुधा पुरणार नाही, पिवळ्या शेवंत्या पुष्कळ आहेत. पण घेर, उंची, फुलण्याचा काळ यांची वही तीन वर्षे ठेवलीत तर कोणाला दाखवण्यासारखे काहीतरी हाती असेल. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे, परभणीचे कृषी विद्यापीठही लांब नाही. पुष्पविज्ञानाचे राष्ट्रीय संचालनालय पुण्यात आहे. जाताना फोटोबरोबर रुजलेली काडीही न्या.

वहीत पहिल्या पानावर आजची तारीख घाला, फांदी कोणत्या उंचीवर फुटली आणि किती फुले आली ते लिहा. पुढच्या मार्गशीर्षात त्या काडीच्या रोपाला कोणत्या रंगाचे फूल आले ते आम्हाला नक्की कळवा. पांढरे आले तरी कळवा.